खूणताईची बाटली

आमच्या धुलाईघरात तिला नावाने कोणी हाक मारत नाही. ती चादरींवर खुणा घालते म्हणून खूणताई. दवाखान्याच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे डगले, सगळ्यांच्या कोपऱ्यात वॉर्डाचा नंबर लागतो. नाहीतर हाडांच्या वॉर्डाची चादर बाळंतिणींकडे जाते आणि तिथल्या नर्स आमचा उद्धार करतात. ती बोरूने लिहिते, मी त्यावर इस्त्री फिरवते. मला तिथे एकोणीस वर्षं झाली, तिला अकरा.

आमची शाई लिहिताना पाण्यासारखी असते. काही दिसतच नाही. गरम इस्त्री फिरली किंवा ऊन लागलं की काळी होते, आणि मग चादर कितीही उकळा, जात नाही. कातडीला लागली तर दोन-तीन आठवडे सुटका नाही. नवीन बाई हटकून ओल्या टेबलावर कोपर टेकते आणि दुसऱ्या दिवशी काळं कोपर घेऊन, हा कसला रोग म्हणून रडत येते. आम्ही पोट धरून हसतो. पण हे आतल्या बायकांनाच ठाऊक. गाडीवाले दारातून गठ्ठे उचलतात आणि जातात. शाई म्हणजे काळी, एवढंच त्यांना माहीत.

आमची पाळी दुपारी साडेतीन ते रात्री साडेआठ. खूणताईला सकाळची पाळी जमत नाही, कारण घरी सासू अंथरुणाला खिळलेली. नवरा कामावरून आला की त्याच्या ताब्यात सासू देऊन ही निघते. रात्री सुटल्यावर तिला मागच्या फाटकाने भिंतीकडेच्या गल्लीतून स्टॉपवर जावं लागतं. गल्लीतले दोन दिवे कधीचे गेलेत. तिथे एका माणसाने तिला मागून धरलं. तोंडाला रुमाल, डोक्याला टोपी. अंगावर हात फिरवला आणि पळाला. आठवड्याने पुन्हा. मग तिसऱ्यांदा. ती म्हणाली, "आता एकदा असं झालं की मी काम सोडणार. मग घर कशावर चालेल ते चालेल."

आमच्या साहेबांकडे गेलो. साहेब चहा पीत होते. कप खाली न ठेवता म्हणाले, "गल्ली आपल्या हद्दीत येत नाही. बाईंनी जरा भरभर चालावं." मला साहेबांची शिसारी आली. दिव्याचं विचारलं तर म्हणाले, अर्ज करा. अर्ज केला. तो अजून कुठेतरी पडलाय.

मग सुरू झालं अक्कल पाजळणं. डब्याच्या सुट्टीत जो तो हिला हत्यार सुचवायला लागला. एक म्हणाली शिट्टी ठेव. ठेवली, वाजवली, तर फाटकावरचा रखवालदार म्हणतो, मला वाटलं पोरं खेळतायत. एकीने किंचाळणारी किल्लीची साखळी आणली. ती बसमध्ये आपोआप किंचाळली आणि खूणताईला भर बसमध्ये चार शिव्या बसल्या. कोणी जड टॉर्च म्हणालं, कोणी शॉक देणारं यंत्र. साहेब म्हणाले, असलं काही आवारात आणायचं नाही. गल्ली यांच्या हद्दीत नाही, पण हिची पर्स मात्र आहे. या सगळ्यात मीही होते. तोंड वर करून सल्ले देत होते.

सगळ्यात पुढे होता माझा धाकटा भाऊ. धुलाईघराची गाडी चालवतो. आईने त्याला माझ्या पदरात घातला तेव्हा सहावीत होता. या नोकरीसाठी मी साहेबांपुढे हात जोडले होते. माझी मोठी इस्त्री थंड व्हायला अर्धा तास लागतो, ती थंड झाल्याशिवाय कुलूप लावायचं नाही असा नियम. रोज तो अर्धा तास तो बाहेर माझ्यासाठी थांबायचा आणि मग मला घरी न्यायचा. मी सगळ्यांना सांगायचे, असा भाऊ मिळायला नशीब लागतं.

त्याने स्वतःहून मिरचीचा स्प्रे आणून दिला. "खूणताई, हा तुमच्या कोटाच्या डाव्या खिशात ठेवायचा. बटण असं दाबायचं. वारा कुठून येतोय ते बघून मारायचा, नाहीतर तुमच्याच डोळ्यात जाईल." दोनदा करून दाखवलं. मला त्याचा अभिमान वाटला.

चार दिवसांनी त्या माणसाने पुन्हा धरलं, आणि त्याचा हात पहिल्यांदा डाव्या खिशात गेला. स्प्रे काढून भिंतीपलीकडे फेकला, मग उरलेलं केलं. दुसऱ्या दिवशी खूणताई मला म्हणाली, "त्याला खिसा माहीत होता."

मी म्हणाले, "अगं, योगायोग असेल."

तिने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा लिहायला लागली. म्हणाली होती तशी नोकरी मात्र सोडली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "तुझ्याकडे ती पाणी मारायची बाटली जास्तीची आहे ना, छोटी? मला दे." कपड्यांवर पाणी शिंपडायला मी वापरते ती फवाऱ्याची. मी दिली. घरी झाडांना वगैरे हवी असेल, असं धरून चालले.

पुढच्या मंगळवारी मी इस्त्री थंड करून बाहेर आले. भाऊ गाडीपाशी उभा होता, एक हात विजारीला पुसत. "हाताला काय झालं?" विचारलं तर हसला. "काही नाही, पाणी उडालं."

बुधवारी सकाळी तो ओट्यावर उन्हात बसून बूट पुसत होता. नऊ वाजता उजवा हात तपकिरी दिसायला लागला. साडेदहाला काळा. बोटांवर, मनगटावर, बारीक बारीक ठिपके आणि मध्ये एक मोठा ओघळ. साबण झाला, लिंबू झालं, रॉकेल झालं. मग हात माझ्यापुढे धरून म्हणाला, "ताई, बघ ना काय लागलंय. गाडीचं ग्रीस असेल का?"

एकोणीस वर्षं मी तो काळा रंग बघतेय. मला काही विचारावं लागलं नाही. त्याच हाताने त्याने थोड्या वेळापूर्वी माझ्या ताटातली भाकरी तोडून घेतली होती. मी मोरीवर जाऊन ओकले. तो बाहेरून विचारत होता, "ताई, बरं नाही का?" त्याच्या आवाजातली काळजी खरी होती, आणि त्याचीच मला जास्त किळस आली.

मी चूळ भरली आणि म्हणाले, "दुपारी माझ्याबरोबर कामावर चल. टेबलापाशी डाग काढायचं पाणी आहे."

तो आला. लहानपणी गुडघा फुटला की यायचा तसाच, मुकाट्याने माझ्या मागोमाग. हातात मोजा घातला होता. मी त्याला खूणताईच्या टेबलापाशी उभा केला आणि मोजा ओढून काढला. बायकांचे हात थांबले.

"ग्रीस आहे," तो म्हणाला.

खूणताईने बोरू खाली ठेवला. खिशातून माझी बाटली काढली, एका पांढऱ्या चिंधीवर दोनदा दाबली आणि चिंधी माझ्याकडे सरकवली, अकरा वर्षं चादर सरकवते तशीच. चिंधी कोरी दिसत होती. मी इस्त्री फिरवली. ठिपके उठले, मध्ये ओघळ. मी ती चिंधी त्याच्या हाताशेजारी धरली.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "ताई, मी फक्त मस्करी..."

"कुठल्या ताईला सांगतोयस?" मी विचारलं. तो तिलाही ताईच म्हणायचा.

साहेब आले, बघितलं, म्हणाले हा तुमचा घरगुती मामला आहे, बाहेर मिटवा. मी म्हणाले, तक्रार ती लिहील, साक्षीला सही मी करेन, आणि कागद पोलिसात जाईल. तसंच केलं. गाडीची किल्ली त्याच्याकडून काढून घेतली गेली. साहेबांनी काय करावं? शाई कुलपात ठेवण्याची नोटीस लावली. दिवे अजून बंदच आहेत.

मी खूणताईला विचारलं, "तुला आधीच कळलं होतं का?"

"खिशावरून संशय आला होता. तुला कसं सांगणार?"

मीच योगायोग म्हणाले होते. आता ती इस्त्री थंड होईपर्यंत थांबते आणि आम्ही दोघी मागच्या फाटकाने जातो. माझं घर उलट्या बाजूला आहे, लांब पडतं. पण शिट्टी सुचली, साखळी सुचली, यंत्र सुचलं, आणि हिच्याबरोबर चालत जावं हे एकोणीस वर्षं काम केलेल्या बाईला सुचलं नाही. स्वतःची लाज वाटते.

भाऊ आता गावी आईकडे आहे. तीन आठवड्यांनी आईचा फोन आला. "पोराचा हात अगदी पहिल्यासारखा झालाय गं. एक ठिपका नाही. आता तुझी साक्ष मागे घे. दाखवायला तरी काय राहिलंय?"

मी म्हटलं, "आई, मी बघितलाय तो हात." आणि फोन ठेवून इस्त्री बंद केली. खूणताई कोट घालून दारात थांबली होती.