दादाला सगळं माहीत होतं

फादरांचा फोन आला तेव्हा मी ज्वारी निवडत बसले होते. "सुमनताई, रोझलिनबाई गेल्या. शांतपणे गेल्या," ते म्हणाले. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. शांतपणे... आदल्याच दिवशी मी वहिनींच्या उशाशी बसून आले होते. शांतता काही मला दिसली नव्हती. माझं मनगट घट्ट धरून त्यांनी विचारलं होतं, "सुमन, हे तिथं नसले तर मी काय करू गं?"

'हे' म्हणजे माझा थोरला भाऊ, उत्तमदादा. त्याला जाऊन काही वर्षं झाली.

वहिनी वैजापूरकडच्या एका कॅथलिक घरातल्या, इथं शहरात दवाखान्यात नर्स होत्या. दादा वाळूजला कारखान्यात फिटर. आमचं घर बौद्ध. वडिलांनी तरुणपणीच धम्मदीक्षा घेतलेली. दोघांनी लग्न करायचं ठरवलं तेव्हा दोन्ही घरांत बरीच आदळआपट झाली. शेवटी बिशपांची परवानगी आली, चर्चमध्ये लग्न लागलं, पण दादानं बाप्तिस्मा घेतला नाही. दर रविवारी तो वहिनींना स्कूटरवर चर्चला न्यायचा आणि मिस्सा संपेपर्यंत बाहेर लिंबाखाली पेपर वाचत बसायचा. "आत येऊन बसा की, ऊन किती लागतंय," वहिनी म्हणायच्या. "मला इथंच बरं हाय," हे त्याचं ठरलेलं उत्तर. मूलबाळ झालं नाही. एकमेकांना मात्र त्यांनी फार जपलं.

लहानपणी गावातल्या म्हाताऱ्या धर्मशिक्षकानं वहिनींच्या मनात एक गोष्ट पक्की बसवली होती : ख्रिस्तसभेच्या, म्हणजे चर्चच्या, बाहेर तारण नाही. जलप्रलयात नोहाच्या तारवात चढले ते वाचले, बाकीचे बुडाले. बुडणाऱ्यांत आपल्या शेजारच्या पोरीही असतील, या विचारानं आपल्याला तेव्हा जेवण जात नसे, असं त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. आता तर घरचाच माणूस बाहेर होता. म्हणून लग्नानंतर त्यांनी दादाला सगळं समजावून सांगितलं. शुभवर्तमान वाचून दाखवलं, बाप्तिस्मा म्हणजे काय, तो का हवा, सगळं. दादा मन लावून ऐकायचा, उलटसुलट प्रश्न विचारायचा आणि शेवटी म्हणायचा, "रोझा, तुझा येशू मला आवडतो. पण माझ्या बापानं देवाचं दार सोडलं ते ताठ मानेनं जगायला. मी परत कुणाच्या दारात 'वाचवा' म्हणून उभा नाय राहणार."

मग त्याला फुफ्फुसाचा कॅन्सर झाला. मरणाच्या दारात पुरोहित हजर नसला तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, हेही त्याला वहिनींकडूनच कळलेलं होतं. त्यानं त्यांना जवळ बोलावलं. "मी शुद्धीत नसताना माझ्या डोक्यावर पाणी घालायचं नाय. शब्द दे." त्यांनी दिला.

शेवटच्या दुपारी दादा पूर्ण ग्लानीत होता. वहिनी वाटीतल्या पाण्यात कापसाचा बोळा भिजवून त्याच्या ओठांवरून फिरवत होत्या. एकदा त्यांनी ती वाटीच उचलली आणि त्याच्या कपाळावर धरली. मी भिंतीशी उभी होते. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्यांनी वाटी खाली ठेवली आणि पदरात तोंड खुपसलं. सांजेला दादा गेला.

पुढं वहिनींचं खाणंपिणं तुटलं. मीच त्यांना फादरांकडं घेऊन गेले. फादर वयानं लहान, बोलायला मऊ. ते म्हणाले, मनाविरुद्ध दिलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, तुम्ही योग्य तेच केलंत. आणि ख्रिस्तसभेची शिकवण अशी आहे, की स्वतःचा दोष नसताना ज्याला ख्रिस्ताची ओळख झाली नाही, पण जो आपल्या विवेकाला धरून चांगलं जगला, त्यालाही देव तारू शकतो.

वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. "ज्यांना माहीत नाही त्यांचं झालं, फादर. ह्यांना सगळं माहीत होतं. मीच सांगितलं होतं."

फादर म्हणाले, "कानानं ऐकणं वेगळं आणि मनाला पटणं वेगळं, बाई. त्यांना आतून काय उमगलं होतं ते देवालाच ठाऊक. आपण आशा ठेवायची."

"आशा म्हंजे नक्की नाय ना?"

"नक्की मी कसं सांगू?" फादर म्हणाले. त्यांनी खोटं सांगितलं नाही, याचं मला तेव्हा भयंकर वाईट वाटलं.

परतताना रिक्षात वहिनी म्हणाल्या, "मी गप बसले असते तर ते सुटले असते. लई बोलले गं मी." त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हटलं, "वहिनी, दादा कुठंच गेलेला नाही, ना स्वर्गात ना नरकात. विझलेला दिवा कुठं जातो का?" त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "ते तर आणखीनच वाईट," त्या म्हणाल्या.

यंदा त्यांची मूत्रपिंडं निकामी झाली. फादर येऊन कपाळाला पवित्र तेल लावून, तैलाभ्यंग देऊन गेले. वहिनींनी सगळं नीट केलं, पापनिवेदन केलं, प्रसाद घेतला. मग त्यांनी फादरांना विचारलं, "हे नसतील तिथं मला सुख कसं वाटंल?"

ख्रिस्ती कब्रस्तानात वहिनींना मूठमाती दिली. दादाची राख कधीच पैठणला गोदावरीत सोडलेली.

गेल्या आठवड्यात मी त्यांचं घर आवरायला गेले. रोज सांजेला जपमाळ झाली की वहिनी गेलेल्या माणसांची नावं घ्यायच्या. आई, बाप, बहीण... सगळी सलग, एका दमात. मग थांबायच्या. आणि बऱ्याच वेळानं, कुणी ऐकून नाही म्हणेल की काय अशा आवाजात म्हणायच्या, "उत्तम". दादा गेल्यापासून एकही सांज चुकली नव्हती.

दिवेलागण झाली तशी मी त्यांच्या खाटेच्या कडेवर टेकले. मला प्रार्थना येत नाही आणि हे तारणबिरण मी कधी मानलंही नाही. मी नुसती नावं घेतली. त्यांची आई, बाप, बहीण. मग रोझलिन. पुढचं नाव माझ्या सख्ख्या भावाचं होतं... आणि मीही थांबले.