कोरफडीचा सदरा

नसरुद्दीनने माकड पाळलंय, असं कोणीतरी सांगितलं तेव्हा मी म्हटलं, पाळू दे की, या वाळवंटात आणखी करायचं काय? मी रंगनाथ, वाईकडचा, कतारमध्ये दोह्यात टायपिस्ट. शहरातल्या अल हिलाल भागात माझी खोली होती. तो रत्नागिरीजवळच्या खाडीकाठचा, शहराबाहेर मुऐदरला एका बंगल्यावर ड्रायव्हर. इंग्रजी कागद वाचायचा असला किंवा घरी पत्र लिहायचं असलं की शुक्रवारी दुपारी यायचा, चहा प्यायचा आणि जायचा. सुखदुःखाचं अवाक्षर नाही. माझंही तसंच होतं. तिकडे तीन-चार वर्षं काढली की एसीची घरघर ऐकू येईनाशी होते, आणि त्याबरोबर इतरही बरंच काही.

माकड नव्हतंच ते. ओरांगउटान होतं. दोन वर्षांची मादी, मालकाने १९७६ साली मुलांसाठी कुठूनतरी आणवलेली. मुलांची हौस महिन्याभरात फिटली आणि ती नसरुद्दीनच्या गळ्यात पडली, म्हणजे अगदी गळ्यातच. दिवसभर त्याच्या मानेला लटकायची आणि सदऱ्याची कॉलर चोखत राहायची. तो तिला बाय म्हणायचा, कोकणात लेकीला म्हणतात तसं. घरी त्याची मुलगी मुनीराही नेमकी तेव्हा दोन वर्षांची होती.

"आई झालास की रे!" मी एकदा चिडवलं.

तो हसला नाही. "आय मेली तिची. आयला मारल्याशिवाय पोर हाताला लागत नाय म्हणतात."

१९७९ साली बायने मालकाच्या गाडीचा आरसा उपटला. मालक म्हणाला, खलास, मागच्या अंगणात लोखंडी पिंजरा करा. तेवढ्यात जनावरांच्या एक इंग्रज डॉक्टरीणबाई मध्ये पडल्या. बोर्निओत अशा अनाथ पिल्लांना पुन्हा जंगलात सोडणारं एक केंद्र होतं, ते बायला घ्यायला तयार झालं. पण पत्रात अट होती, ती मीच वाचून दाखवली. तीन महिन्यांत तिची माणसाची सवय तुटायला हवी. माणसाला चिकटणारी झाडावरून खाली उतरते, आणि खाली उतरलेली फार दिवस जगत नाही. सवय तुटली नाही, तर पिंजरा ठरलेलाच.

नसरुद्दीनने तिला लोटून पाहिलं, दार लावून पाहिलं. ती दारावर डोकं आपटायची आणि हा गाढव दार उघडायचा. दीड-दोन महिने असेच गेले. मग एका शुक्रवारी म्हणाला, "रंगूभाऊ, हजराला लिहा. मुनीराला अंगावरून कशी तोडली, विचारा."

पोर पाच वर्षांची झाल्यावर बायकोला हे विचारायचं? पण मी लिहिलं. तीन आठवड्यांनी हजराचं उत्तर आलं, तेही मीच वाचलं.

"हे तुम्ही आज विचारता? पोर शाळेत जाते आता. कोरफडीचा कडू गर लावला होता. तीन दिवस रडली, चौथ्या दिवशी माझ्याकडे पाठ करून झोपली. मग मी रडले. तेव्हाच तुम्हाला कळवलं होतं. तुम्ही उत्तरात गॅसच्या शेगडीबद्दल लिहिलंत."

"लिहिलं असेल," नसरुद्दीन म्हणाला.

कोरफड बंगल्याच्या कुंडीतच होती. त्याने गर काढून कॉलरला, मानेला, दंडांना चोळला. बायने कॉलर तोंडात घेतली, थुंकली आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. पुन्हा घेतली, पुन्हा थुंकली. तीन दिवस तिने आकांत मांडला. हा रोज सकाळी नवा गर चोळून तिच्यासमोर बसून राहायचा. चौथ्या दिवशी ती खजुराच्या झावळ्या ओढत शेडच्या छपरावर चढली, त्या मोडून-दुमडून तिने बसायला जागा केली आणि त्याच्याकडे पाठ करून बसली. जंगलात ओरांगउटान अशीच घरटी करतात म्हणे. डॉक्टरीणबाईंनी ते पाहिलं आणि कागदावर सही केली. बाय विमानाने गेली.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"काय नाय वाटलं."

ते खरं असावं. मीही विचारून मोकळा झालो आणि चहा ठेवला.

मग दहा वर्षं गेली. १९८९ मध्ये त्या केंद्राचं पत्र आलं. बायला पिल्लू झालं होतं. पिल्लू चोवीस तास तिच्या पोटाला चिकटलेलं असतं. ती आता माणसांजवळ येत नाही, रखवालदार दिसला तरी पिल्लाला घेऊन वर, पार शेंड्याला जाते. याबद्दल त्यांनी नसरुद्दीनचे आभार मानले होते.

"किती वर्षं ठेवते ती पोराला?"

"सात-आठ, असं लिहिलंय."

त्याने मान हलवली. चहा निवत होता.

"मे महिन्यात घरी गेलो होतो ना," तो म्हणाला. "मुनीराने पाणी आणलं, डोक्यावर ओढणी घेऊन. माझ्यासमोर ठेवलं नि आत गेली. आत हजराला विचारत होती, ते किती दिवस राहणार?"

मी कप त्याच्याकडे सरकवला.

"बायला तोडायला कोरफड लागली, रंगूभाऊ. मुनीराला माझ्यापासून तोडायला काय लावावंच लागलं नाय."

हे त्याने गाडीचं पेट्रोल संपल्याचं सांगावं तसं सांगितलं. मी पत्राची घडी करून त्याच्या हातात दिली. माझा मुलगा तेव्हा गावी शिकत होता. कितवीत, ते मला आठवेना.