जर्मनीत टाकलेलं दळण

नव्व्याण्णव सालच्या डिसेंबरात आमचे अण्णा नेवाशापुरते चार तास वारले होते. त्याला कारण मी.

तेव्हा मी श्रीगोंद्यात घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास चालवायचो. (क्लास म्हणजे एक कॉम्प्युटर, दोन खुर्च्या आणि मी.) नवं साल लागलं की जुने कॉम्प्युटर तारखेत गोंधळून बंद पडणार, अशी तेव्हा सगळीकडं भीती होती. ते टाळायचं तर एक दुरुस्तीची फाइल इंटरनेटवरून उतरवून कॉम्प्युटरमध्ये घालायला हवी होती. इंटरनेट यायचं फोनच्या तारेतून. ते चालू असेपर्यंत बाहेरच्याला आमचा फोन एंगेज, आणि घरात कुणी मधेच रिसिव्हर उचलला तर इंटरनेट तुटायचं.

अण्णा साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर नोकरी करून निवृत्त झालेले. महिनाभरापूर्वी त्यांच्या छातीत दुखलं म्हणून नगरला दवाखान्यात नेलं, तर पित्त निघालं. डॉक्टरांचं समाधान झालं, पण अण्णांच्या बहिणीचं, म्हणजे आमच्या नेवाशाच्या आत्याचं झालं नाही. ती दर रविवारी सकाळी फोन करून भावाच्या छातीची चौकशी करायची. हे मला माहीत होतं. त्या रविवारी मात्र डोक्यातून साफ गेलं.

सकाळी सातला मी बसलो. तीच फाइल वेगवेगळ्या देशांतल्या सर्व्हरवर ठेवलेली होती. आपल्याला जो वेगवान वाटेल तो निवडायचा. मी अमेरिका निवडली. अजून एकोणीस तास लागतील, असं पडद्यावर आलं. ऑस्ट्रेलियानं अकरा सांगितले. अण्णा मागं उभे होते. ते म्हणाले, जवळचा देश बघ, लांबून माल आणायला वेळ लागणारच. (काट्यावरच्या माणसाला सगळं ट्रॅक्टरनंच येतं असं वाटतं.) आई भाजी निवडत होती. तिनं विचारलं, आत्ता कुठल्या देशात लोक झोपलेत?

हिशेब केला, तर जर्मनीत रात्रीचे अडीच वाजले होते.

"मग तिथं टाक की," आई म्हणाली. "गिरणीत गर्दी नसंल तवाच दळण टाकावं."

जर्मनीनं चार तास सांगितले आणि फाइल सुरळीत उतरू लागली. मी तिथंच हात बांधून बसायला हवं होतं. पण साडेनऊला, निम्मी फाइल आली असताना, माझी नजर यादीतल्या जपानवर गेली. सहज चाचपून बघितलं, तर तो म्हणाला दीड तास. मी जर्मनी बंद करून जपान धरला. दहाच मिनिटांत जपानचे दीडाचे सात तास झाले. खाली मान घालून पुन्हा जर्मनीत आलो, तर त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. तोवर जर्मनी उठायलाही लागली होती.

"रांग सोडली का तू?" आईनं विचारलं. मी ऐकू न आल्यासारखं केलं.

इकडं नेवाशात आत्या साडेसातपासून एसटीडी बूथवरून फोन लावत होती. साडेनऊपर्यंत फोन एंगेज. बूथवाल्यानं तिला समजावलं की इतका वेळ कुणी बोलत नाही, रिसिव्हर खाली पडून राहिला असणार. आता रिसिव्हर का पडला असेल, याचं चित्र आत्यानं स्वतःच पुरं केलं: दादा फोनला हात घालायला गेला आणि तसाच कोसळला. पावणेदहाला शेजाऱ्यांची जीप निघाली. आत आत्या, तिचे दोन दीर, तीन जावा आणि कुणीतरी विचार करून घेतलेला एक हार.

दीड वाजता जीप आमच्या दारात थांबली. अण्णा तेव्हा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. "दादा रं" म्हणून गळा काढतच आत्या उतरली आणि चौथ्या पावलाला दादानं मान वर केली.

आत्या थांबली. मग पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "तू बसलायस व्हय हितं? आन मी नेवाशापास्नं रडत आले."

अण्णा ओशाळून उठले. जिवंत असल्याबद्दल त्यांनी माफी मागितली नाही एवढंच. थोरल्या दिरांनी हार हळूच पिशवीत सरकवला. आईनं पाणी दिलं. मी आतून ओरडून सांगितलं की अजून फक्त पंधरा मिनिटं, चौऱ्याण्णव टक्के झालंय. काय चौऱ्याण्णव टक्के झालंय, हे पाहुण्यांना कळलं नाही. त्यांनी पुन्हा अण्णांकडं पाहिलं.

तेवढ्यात आत्याला आठवलं की नेवाशात घरी सगळे चुलीला विस्तव न लावता बसलेत. त्यांना कळवायला हवं. स्वयंपाकघराच्या दाराशी त्याच तारेवरचा दुसरा फोन होता. मी "आत्या, नको" म्हणेपर्यंत तिनं रिसिव्हर उचलला. कानात कर्कश किंचाळी आली तशी तिनं तो अण्णांच्या हातात दिला आणि बजावलं, "फोन दुरुस्त करून घ्या. आत कोनतरी मरतंय."

मरत होती ती माझी फाइल.

नेवाशाच्या बूथवाल्याकडं निरोप गेला, आईनं पिठलं-भाकरी टाकली, सगळे जेवले. भावाला डोळे भरून पाहून आत्या पाचच्या सुमारास निघाली, आणि जाताना प्रथमच म्हणाली की पित्तच असंल.

सोमवारी मी नगरला, जिथून कॉम्प्युटर घेतला होता त्या दुकानात गेलो. दुकानदार माझा मित्र. मला बघताच त्यानं काउंटरवर एक सीडी ठेवली. दुरुस्तीच्या सगळ्या फाइली तीत आयत्या भरलेल्या होत्या.

"डाउनलोडच्या भानगडीत पडू नको, हे सांगायला काल अख्खी सकाळ फोन करत होतो," तो म्हणाला. "तुझा फोन बिघडलाय. तक्रार कर."

करतो म्हणालो. बिघाड फोनमध्ये नसून फोनच्या मालकात आहे, हे त्याला सांगायचा धीर झाला नाही.