शंखाचं दार

चौदा मे. कोकणातल्या लॉजच्या मोरीत मी लेकीचे वाळूने भरलेले कपडे खळबळत होते. शेजारी सासूबाई किनाऱ्यावरच्या खडकांतल्या डबक्यात सापडलेला शंख पिण्याच्या पाण्याने धूत होत्या. त्यांचं माहेर वैजापूरचं, समुद्र पहिल्यांदाच पाहिलेला. देवघरात शंख हवा, हे त्यांनी संभाजीनगरहून निघतानाच ठरवलं होतं. शंखाच्या तोंडाशी तपकिरी चकती घट्ट बसली होती. "लई चिवट मळ हाय," म्हणत त्या केसातल्या आकड्याने ती उचकटू बघत होत्या.

उशीर होत होता, म्हणून शंख रुमालात गुंडाळून त्यांनी पिशवीत टाकला आणि आम्ही समुद्री जीव दाखवणाऱ्या केंद्रात गेलो.

केंद्र मला आवडलं. टाक्या मुलांच्या कमरेइतक्याच उंच, कुणाला कडेवर घ्यायला नको. हात ओले केल्याशिवाय तारामाशाला बोट लावायचं नाही, हे तिथली ताई कुणावर न खेकसता सगळ्यांकडून पाळून घेत होती. मग तिने पाण्यातला एक शंख दाखवला. तोंडावरची चकती सरकली आणि आतून मऊ, ठिपकेदार जीव बाहेर आला.

"हे त्याचं दार. भीती वाटली की लावून घेतो," ती म्हणाली.

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी रुमाल उघडून तिच्यापुढे धरला. "पोरी, बघ गं. म्या गोड्या पाण्यानं धुतला. दार बी उचकटत व्हते. मेला का?"

ताईने बोल लावला नाही. शंख समुद्राच्या पाण्याच्या ट्रेमध्ये ठेवला. "थांबून बघू, आजी."

लेक कंटाळून पुढच्या टाकीकडे गेली. सासूबाई हलेनात.

"आई, वेरूळला लेणी अर्ध्यात सोडून बाकावर बसलात, आणि इथं एवढा वेळ उभ्या?" मी म्हटलं.

"ती दगडाची व्हती. गप ऱ्हा."

बऱ्याच वेळाने चकती जराशी हलली. मग आणखी थोडी.

"हाय! जित्ता हाय गं!" त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या की सगळी पोरं ट्रेभोवती जमली.

"रात्रभर इथेच राहू दे," ताई म्हणाली. "सकाळी ओहोटीला जिथून उचलला तिथेच सोडा."

"मग देवघराचं काय?" मी विचारलं.

"घंटी हाय की."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रातून शंखाची बादली घेतली, साडी खोचली आणि सासूबाईंचा दंड घट्ट धरून त्यांना शेवाळलेल्या खडकांवरून त्या डबक्यापर्यंत नेलं. शंख पाण्यात त्यांनीच ठेवला.