शुद्ध पाणी

आमच्या गल्लीत भागीबाईचं आडनाव कुणाला ठाऊक नव्हतं. "देवीच्या साड्यांवाली ना?" असंच विचारायचे. आमची गल्ली पंचवटीतली. दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला पार मागं चौकापर्यंत जावं लागतं, एवढी तिची रुंदी. गल्लीच्या तोंडाशी भागीची इस्त्रीची गाडी, शेवटाला देवीचं देऊळ, आणि मधे आम्ही. एकतीस नवरात्रं भागी या टोकाकडून त्या टोकाला देवीच्या साड्या घेऊन चालली. दोन्ही हातांवर आडव्या, झोपलेलं मूल न्यावं तशा.

ती माहेरची चांदवडकडची. लग्न होऊन आली तेव्हा इतकी हडकुळी होती की मी तिच्या नवऱ्याला, सहादूला म्हटलं होतं, "अरे, इस्त्री जड की बायको जड?" पण वर्षभरात तिनं सहादूला मागं टाकलं. मला अक्षरं जेमतेम लागतात, तिला तेवढीही लागत नाहीत. पण कापड तिला वाचता यायचं. माझ्या लेकीच्या लग्नातली साडी तिनं नुसती चिमटीत धरली आणि म्हणाली, "वैनी, रेशीम म्हणून दिलं का तुम्हाला? हे रेशमाच्या शेजारी बसून आलंय फक्त."

इस्त्री तिची कोळशाचीच. विजेची घे म्हणून किती जणांनी सांगितलं. ती म्हणायची, विजेची इस्त्री तापली की नाही ते दिवा सांगतो, माझी मला सांगते. गाल इस्त्रीजवळ नेऊन ती धग बघायची. देवीच्या साड्यांना तर आधी गाडी धुवायची, गोधडीवर नवी चादर अंथरायची, साडी उलटी टाकायची आणि वर सहादूचं जुनं धोतर. धुऊन धुऊन ते धोतर इतकं तलम झालं होतं की खालची जर दिसायची. जरीवर इस्त्री तिनं कधी थेट टेकवली नाही. एकतीस वर्षांत एक ठिणगी नाही, एक भोक नाही.

या कामाचं ती काही घेत नसे. घ्यायची तो एक नारळ. पहिल्या माळेला घट बसले, आरती झाली, की पंचांपैकी कुणीतरी पुकारायचं, "इस्त्रीचा मान." मग भागी पुढं व्हायची. पूर्वी ओटी आणि नारळ दोन्ही मिळायचं. सहादू गेला त्या वर्षी ओटी बंद झाली. नारळ राहिला. तो तिनं कधी लगेच फोडला नाही. लाल फडक्यात बांधून गाडीच्या आडव्या बांबूला टांगायची, वर्षभर. पुढच्या वर्षीचा मिळाला की जुना उतरवून फोडायची आणि गल्लीभर खोबरं वाटायची. सणाच्या दिवशीही इतक्या दिमाखात चालताना मी तिला पाहिली नाही, जितक्या त्या दिवशी ती ताट घेऊन चालायची.

गेल्या वर्षी पंचांमध्ये सोमनाथशेठ मुख्य झाले. माणूस वाईट नाही. देवळाला फरशी त्यांनीच घातली. त्यांच्या धाकट्या सुनेनं, पल्लवीनं, देवळाला वाफेची इस्त्री भेट दिली. उभी दांडी, खाली पाण्याची टाकी, वर सोंडेसारखी नळी. बटण दाबलं की सोंडेतून वाफ. साडी टांगायची आणि सोंड फिरवायची, सुरकुती गायब. म्हणे धूर नाही, राख नाही, देवीच्या वस्त्राला कोळशाचा वास नाही.

भागी बघायला आली तेव्हा हसली. "साडीला सर्दी झाली का गं? वाफारा देताय ते."

पल्लवीही हसली. पोरगी गोड आहे, खोटं कशाला बोलू. म्हणाली, "मावशी, काम तुमचंच. मशीन फक्त नवीन. मी दाखवते, एकदम सोपंय."

भागी शिकली. सत्तरीला टेकलेली बाई, चार दिवस रोज दुपारी देवळात जाऊन आमच्या जुन्या ओढण्यांवर हात बसवला. सोंड कशी सरळ धरायची, कापडापासून किती लांब. मला म्हणाली, "वैनी, सुरकुती जाते, खरंय. पण घडी बसत नाही. कापड नुसतं गप होतं."

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी पल्लवी बाहेरगावी होती. तिनं फोन केला तो माझ्याच फोनवर, भागीकडं फोन नाही. मी आवाज मोठा केला. पल्लवी म्हणाली, "मावशी, उद्या पहिल्या माळेची पिवळी साडी करून घ्या. आणि एक लक्षात ठेवा, टाकीत नळाचं पाणी नको हं. शुद्ध पाणीच घाला."

"शुद्ध म्हंजे शुद्धच घालते, पोरी. देवीचं काम हाय," भागी म्हणाली.

मी तिथंच होते. मलाही त्यात काही विचारण्यासारखं वाटलं नाही. नळाचं नको, शुद्ध हवं, देवीसाठी हवं. आमच्याकडं याचा एकच अर्थ होतो. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो. दुसऱ्या दिवशी उजाडता भागी आंघोळ करून, तांब्याची कळशी घेऊन रामकुंडावर गेली. पावसाळा सरून फार दिवस झाले नव्हते, पाण्याला अजून तांबूस झाक होती. तिनं ते सहादूच्या धोतरातून गाळलं. एकदा नाही, तीनदा. वाटेत कुणाशी बोलली नाही, कळशी जमिनीवर टेकवली नाही.

साडी येवल्याहून आणलेली, सोमनाथशेठांनी आपल्या आईच्या नावानं दिलेली. पदर निघाला, काठ निघाले. मग सोंडेतून गुळण्या केल्यासारखा आवाज आला आणि यंत्र थुंकलं. बरोबर मधे, जिथं निऱ्या येतात तिथं. सात-आठ थेंब, विटकरी. भागीनं बटण बंद केलं, पण थेंब थोडेच परत जातात.

तासाभरात पंच जमले. मी सभामंडपात दुसऱ्या दिवशीच्या घटासाठी धान्य निवडत होते. देवळाचा हिरामण गुरव साडी हातावर घेऊन उभा होता. पल्लवी गावाहून नुकतीच आली होती, सासऱ्यांच्या मागं उभी.

सोमनाथशेठ शांतपणेच म्हणाले, "भागीबाई, पाणी कुठलं घातलं होतं?"

"गंगेचं. रामकुंडावरचं. वस्त्रगाळ करून."

हिरामण फरशीकडं बघायला लागला.

"म्हणजे डाग गंगेनं पाडला म्हणता?"

"म्या असं कुठं म्हणलं?"

"मग तुम्हीच सांगा. साडी कोरी. मशीन नवं. पाणी गंगेचं. राहिलं काय?"

भागीनं आपले दोन्ही हात हळूच पदराखाली घेतले.

तिला उत्तर देता आलं असतं. गंगेचं पाणी आता कसं आहे ते तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. आचमनाला हातात घेतात आणि ओठांना न लावता सोडून देतात, हे मी रोज बघते. पण देवळात उभं राहून तसं म्हणणार कोण? तिनं गंगेवर बोट ठेवलं नाही. मग बोट तिच्यावर आलं.

"राग मानू नका," शेठ म्हणाले, "माझी आई म्हणायचीच, देवीचं वस्त्र सवाष्णीच्या हातून जावं. इतकी वर्षं चाललं ते चाललं."

पल्लवीची मान खाली होती. मी धान्य निवडत राहिले. एवढे खडे त्यात नव्हते, जेवढे मी त्या दिवशी वेचले. मीही काही बोलले नाही, हेही इथं सांगितलं पाहिजे.

साडी भागीलाच दिली. डागाची साडी देवळात ठेवायची कशी?

संध्याकाळी पल्लवी मागच्या बोळातून भागीच्या घरी आली. मी तिथंच बसले होते. "मावशी, माझंच चुकलं. शुद्ध म्हणजे क्षार काढलेलं, फिल्टरचं पाणी. बाटलीत मिळतं ते. साध्या पाण्यातले क्षार साचतात आणि मग मशीन थुंकतं."

"मग हे तिथं का नाय सांगितलंस?"

"मामंजींसमोर? पंचांच्या देखत?"

भागी उठून स्टोव्हपाशी गेली. "बरं," म्हणाली. "चहा घेतेस?"

पहिल्या माळेला आरती झाली. पुकारा झाला, "इस्त्रीचा मान," आणि पल्लवी पुढं आली. डोक्यावर पदर, ओटी आणि नारळ दोन्ही. तिचे फोटो निघाले. भागी आलीच नव्हती, गाडीवर शाळेचे गणवेश करत होती. बांबूला मागल्या वर्षीचा नारळ तसाच टांगलेला. नवा आल्याशिवाय जुना उतरवायचा नाही, हा तिचाच नेम.

तिसऱ्या माळेच्या दुपारी हिरामण तिच्या मागच्या दारी आला. कडेवर पिशवी, पिशवीत साड्या. "मावशी, देवी नुसती गळून गेल्यागत दिसते. वाफेनं निरी उभीच राहत नाही. दोन दिवस टाचण्या लावल्या, आज एक देवीच्याच हाताला टोचली."

"पल्लवीला सांग."

"तिनंच पाठवलंय."

भागीनं विचारलं, "माझा हात चालंल का?"

हिरामण जरा खाकरला. "मागच्या दारानं चालंल. कुणाला दिसणार नाही."

मी म्हटलं, भागे, पिशवी त्याच्या तोंडावर मार. तीस वर्षं फुकट केलंस, आता चोरून करणार? ती म्हणाली, "वैनी, हाकललं ते शेठनं. देवीनं कुठं तोंड उघडलं?" आणि कोळसे पेटवायला घेतले. हिरामण गेल्यावर मात्र धोतर झटकता झटकता म्हणाली, "तिनं तरी उघडायला पाहिजे होतं."

सात साड्या तिनं अशा केल्या. दुपारी यायच्या, दिवेलागणीला जायच्या. नवव्या माळेला मी तिला बळंच दर्शनाला नेलं. तिनं ती पिवळीच साडी नेसली होती, डाग निऱ्यांच्या आत घेऊन. गाभाऱ्यात देवीच्या निऱ्या अशा उभ्या की सुरीनं कापल्यासारख्या. माझ्या पुढची बाई म्हणाली, "मशीनची कमाल बघा." तेवढ्यात कर्ण्यावरून शेठांचा आवाज आला. नऊ दिवस देवीच्या वस्त्रांची सेवा स्वहस्ते करणाऱ्या सौभाग्यवती पल्लवीताईंचे आभार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पल्लवीनं आमच्या रांगेकडं बघितलं आणि प्रसादाच्या ताटात डोकं घातलं.

भागीनं टाळी वाजवली नाही. देवीकडं निरखून बघत म्हणाली, "तिसरी निरी जरा तिरपी आली. घाई केली म्या."

परत आलो तेव्हा ती गाडीपाशी थांबली. स्टुलावर चढली, मला वाटलं नारळ उतरवते. तिनं तो फडक्यासकट कानाशी धरला आणि हलवला. आतून सुकलेल्या गोट्याचा खडखडाट आला.

"पाणी आटलं यातलं," ती म्हणाली. गाठ पुन्हा घट्ट केली आणि खाली उतरली.