हिरव्या रंगाखालची चीर

वडिलांच्या जुन्या जीपचं इंजिन तपासायला नेण्याआधी मी त्याला रंग दिला. हिरवा, चकचकीत, दोन हात. रंग देताना ब्लॉकच्या, म्हणजे ज्याच्या पोटात सगळं इंजिन बसतं त्या ओतीव सांगाड्याच्या, एका कुशीवर वीतभर ओरखडा दिसला. त्यात रंगारी खाचखळगे बुजवायला वापरतात ती लांबी भरली, पॉलिशपेपरने घासून ती जागा अशी गुळगुळीत केली की नंतर ती माझी मलाच सापडेना. एवढी शोभा करून ते धूड मी टेम्पोत घातलं आणि भोकरदनहून जुन्या जालन्यात अशा माणसाकडे नेलं, की लोखंडाच्या पोटातलं ऐकू येणारा तसा दुसरा कान या जिल्ह्यात नाही, आणि पुढे होईल असंही वाटत नाही.

आम्ही सगळे त्यांना मिस्त्रीचाचा म्हणतो. धान्याच्या ठोक दुकानांमागच्या बोळात त्यांचं वर्कशॉप आहे. इतर माणसं खिशाला पेन लावतात, चाचांच्या खिशात पितळेची एक चिमुकली हातोडी असते. जुनं इंजिन पुन्हा बांधण्याइतकं मजबूत आहे का, हे ते आधी हातोडीने वाजवून बघतात. मोजमापाची उपकरणं नंतर, आणि तीही गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. साबूत ब्लॉक घंटेसारखा वाजतो, तडकलेला मडक्यासारखा. हे इंजिनापुरतं राहिलं असतं तर ठीक होतं. पण चाचा हॉटेलात चहाचा कप आधी चमच्याने वाजवतात आणि मग तोंडाला लावतात. तीन कप परत गेल्यावर हॉटेलवाल्याने त्यांच्यासाठी स्टीलचा पेला वेगळा काढून ठेवला. पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तेव्हा बोलणी चालू असताना यांनी बसल्या जागेवरून मागची भिंत वाजवली आणि निकाल दिला, “लडकी अच्छी है, पिलास्टर पोकळ आहे.” लग्न झालं. त्याच पावसाळ्यात पिलास्टर पडलं. तेव्हापासून बोळातले लोक माठ आणि फरशा घ्यायला निघाले की चाचांना सोबत नेतात.

चेहरे मात्र त्यांच्या लक्षात राहत नाहीत. एकदा बसस्टँडवर सख्खा साडू समोर उभा राहून बोलत होता आणि चाचा त्याला ‘तुम्ही कोणत्या गावचे’ म्हणून विचारत होते. तेवढ्यात मागच्या रस्त्याने ट्रॅक्टर गेला. त्याच्याकडे न बघताच ते म्हणाले, हा अंबडच्या बाजूचा, याचा ब्लॉक अमक्या साली मीच बांधला. साडूने दोन वर्षं बोलणं सोडलं होतं. चाचांना ते कळलंही नाही.

शिवाय ते कुठल्याही इंजिनाला भंगार म्हणत नाहीत. दुरुस्त होणारं असेल तर म्हणतात ‘थकलंय’. होणारं नसेल तर ‘झोपलंय’. हा दुसरा शब्द आला की विषय संपला. आमच्या जालन्यात पोलादाच्या भट्ट्यांना तोटा नाही, झोपलेलं इंजिन आठवडाभरात कुणाच्या तरी बंगल्याची सळई होऊन निघतं. मी त्या एका शब्दाला भीत होतो. माझी लेक यंदाच जनावरांची डॉक्टर होऊन आमच्याच तालुक्यात रुजू झाली. तिचे आजोबाही तेच काम करायचे, याच जीपमधून. तिला गावांच्या फेऱ्या आजोबांच्या गाडीतून करायच्या होत्या. दुसरं इंजिन बसवू, असं मी म्हणून पाहिलं. ती म्हणाली, “पप्पा, मंग ती आजोबांची कशी राहील?”

जीप मी विशीत असल्यापासून पत्र्याखाली उभी होती. एका उन्हाळ्यात वडिलांनी ती अचानक बंद केली आणि निवृत्त होईपर्यंत स्कूटरवर गावं केली. डोक्याला टॉवेल, हँडलला इंजेक्शनांची पिशवी. विचारलं तर म्हणायचे, हवा लागते. त्याच उन्हाळ्यात त्यांनी माझा डी.एड.चा फॉर्म स्वतःच्या हाताने भरला. मला खरं तर आयटीआयला मोटार मेकॅनिक व्हायचं होतं. पण वडिलांनी माझ्यातला शिक्षक ओळखला, हे मी माझ्या सेवानिवृत्तीच्या भाषणात सांगितलं होतं, आणि दोन शिक्षिकांनी डोळे पुसले होते.

तर चाचांनी टेम्पोतलं ते हिरवं ध्यान पाहिलं आणि कुणी रंगवलं म्हणून विचारलं. कौतुकाच्या अपेक्षेने माणूस ज्या नम्रपणे बोलतो, त्या नम्रपणे मी म्हणालो, “मीच.”

“मास्तर, पेशंटला पावडर लावून दवाखान्यात न्हाई आणत.”

मग त्यांनी पंखा बंद केला. बाहेरून हातगाडी ओढत चाललेल्या हमालाला हात करून जागेवर थांबवलं, आणि तोही ओझ्यासकट मुकाट थांबला. हातोडी फिरू लागली. दहा ठिकाणी ब्लॉक देवळातल्या घंटेसारखा वाजला. अकरावी जागा माझ्या लांबीची. तिथे थप्प असा आवाज आला. चाचांनी डोळे मिटून ती जागा तीनदा वाजवली आणि म्हणाले, “हा आवाज आपण आयकेल आहे.” मला वाटलं, धंद्यातला नखरा असेल.

दोन दिवस कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवून त्यांनी माझी सगळी कलाकुसर उतरवली. तिसऱ्या दिवशी मला खडू आणायला सांगितलं. उघड्या लोखंडावर रॉकेल चोळलं, कोरडं पुसलं आणि वरून खडूची भुकटी भुरभुरली. थोड्या वेळाने चिरेत शिरलेलं रॉकेल बाहेर पाझरलं आणि पांढऱ्या भुकटीवर एक काळी, नागमोडी रेघ हळूहळू उमटत गेली. पस्तीस वर्षं मी खडूने दुसऱ्यांच्या चुका दाखवल्या. खडूने माझी दाखवावी, हे पहिल्यांदाच घडत होतं.

“तापलेल्या इंजनावर थंडं पाणी मारलं का अशी चीर जाते,” चाचा म्हणाले. “कुन्यातरी शाण्याचं काम आहे.”

तो शहाणा मी होतो. नुकतीच जीप शिकलो होतो. भर मे महिन्यात जालन्याच्या रस्त्यावर इंजिन वाफा सोडायला लागलं, तेव्हा मी बॉनेट उघडून एका हॉटेलच्या माठातलं बादलीभर गार पाणी सरळ त्याच्या अंगावर ओतलं. टण्ण असा आवाज आला. मला वाटलं, इंजिनाला बरं वाटलं. घरी मी कुणाला काही सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

आता प्रश्न एवढाच होता, की चीर बाहेरच्या भिंतीवरच थांबली की आत सिलिंडरपर्यंत गेली. आत गेली असेल तर झोपलं. चाचांनी चिरेवर रबर दाबून बसवलं, ब्लॉकच्या दुहेरी भिंतींमधल्या पोकळीत पाणी भरलं, भोकं बंद केली, हातपंपाने दाब दिला आणि बॅटरी घेऊन सिलिंडरमध्ये बघत बसले. मधूनमधून आत बोट फिरवायचे आणि ते बोट गालाला लावून बघायचे. तासाभराने त्यांनी ते कोरडं बोट माझ्यापुढे धरलं.

“थकलंय,” ते म्हणाले. चिरेच्या दोन्ही टोकांना भोक पाडून तिची वाट बंद करायची, मधे स्क्रूचे टाके घालायचे, की गाडी चालेल. “डॉक्टरसाबलाबी मी हेच सांगितल्तं.”

मी विचारलं, वडील इथे आले होते?

“आल्ते ना. ह्याच आवाजासाठी. मी म्हणलो, टाके घालून देतो, चार दिवसांत बराबर होईल. तर म्हणले न्हाई, राहू द्या. दुरुस्त केली का पोरगं पुन्हा चालवायला मागतंय.”

मला हँडलची ती पिशवी आठवली, आणि तो टॉवेल. मग विचारलं, फार रागावले होते का.

चाचांनी हातोडी पुसून खिशाला लावली.

“बिलकुल न्हाई. आरामात चहा पिले. अन् जाता जाता म्हणले, पोराला मास्तर करून टाकतो, शाळंत फोडण्यासारखं कायी नसतं.”