शेफ मालनच्या मागावर: डोंबिवली ते माजिवडा, बाबांच्या स्कूटरवर

आधीच सॉरी. शुद्धलेखन माझं कच्चं आहे आणि मोबाईलवर एका बोटाने टाइप करते, म्हणून रविवारची ट्रिप आज टाकतेय. शाळा नववीनंतर सोडली, त्यामुळे जसं बोलते तसंच लिहिणार.

शेफ मालन टीव्हीवर दिसली की आमचे बाबा बोलणारच, हिला आमटी मी शिकवली. वागळे इस्टेटच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये दोघं एकत्र होते म्हणे. आता ती कुकिंगच्या स्पर्धेत जज असते, तीन हॉटेलं आहेत, आणि बाबा कुरिअरमध्ये. बिल्डिंगमध्ये त्यांना फेकू बोलतात. परवा सोसायटीच्या मीटिंगला काळे काका सगळ्यांसमोर बोलले, दत्ता, पूजेचा प्रसाद करायला तुझ्या मालनबाईंनाच सांग की. सगळे हसले. बाबा पण हसले, पण घरी येऊन जेवले नाहीत.

मला हसू नाही आलं. मी शाळा सोडली तेव्हा बाबाच बोललेले, मालन पण नववीतच सोडून आलेली, तुझ्यासारखीच, तोंडातून शब्द फुटायचा नाही. ते खोटं असेल तर मग माझं काय? म्हणून मीच बोलले, चला, तिच्या जागा बघून येऊ. बाबांनी इस्त्रीचा शर्ट काढला.

नव्वद फुटी रस्त्याने पत्री पूल, तिथून विठ्ठलवाडी. सकाळी लवकर निघा, नंतर पुलावर अडकता. स्टेशनबाहेर मालन आणि तिची आई भजी विकायच्या, हे तिने मुलाखतीत सांगितलंय. तिकडे आता मोबाईल कव्हरचं दुकान आहे. मी फोटो काढला तर दुकानवाला बोलला, "रोज कोणीतरी येतं फोटो काढायला. कव्हर कोणी घेत नाही." बाबांनी घेतलं एक. माझ्या फोनला बसत नाही ते.

मग कल्याणवरून दुर्गाडी, कोन आणि हायवे. कोनला चहा आणि मिसळ मारली, तिखट आहे, पाव गरम मिळतात. हायवेवर ट्रक खूप, स्कूटरवाल्यांनी डावीकडूनच चालवा. माजिवडा, जिथे तिचं हॉटेल आहे, ते आधी लागतं, पण आम्ही पुढे वागळेला गेलो, कारण तिच्या आयुष्यात वागळे आधी येतं.

आणि वागळेला काहीच नाही. कारखाना पाडून काचेची बिल्डिंग झालीय. वॉचमन आत सोडेना. बाबा फुटपाथवर उभं राहून हवेत बोट दाखवत होते, इथे भट्टी, इथे मोरी, इथे मी पानं मांडायचो. मी बघत होते, पण मला काचच दिसत होती. माझं तोंड बघून बाबा मधेच बोलले, चल, भूक लागली.

माजिवड्याचं हॉटेल मेन रोडला नाही, आतल्या गल्लीत आहे. पार्किंग आहे. रविवारी टेबल आधी फोन करून ठेवा, आम्हाला खूप वेळ थांबवलं. स्वस्त नाहीये, दोन थाळ्यांपेक्षा एक थाळी आणि वर एक आमटी घ्या, दोघांना पुरते. किचन उघडंच आहे, मधे फक्त कट्टा. शेफ आत आहेत असं मॅनेजर बोलला, पण फोटोसाठी अपॉइंटमेंट लागते. घरी एवढे बोलणारे बाबा नॅपकिनची घडी घालत बसले. जाऊ दे, बिझी असेल, बोलले. मी तर ऑर्डरपण बोट दाखवून दिलेली.

आमटी चाखून बाबा हळूच बोलले, आंबट कमी आहे. तेवढ्यात आतून आवाज आला. टोपाच्या काठावर पळी, टण टण, मग थांबून टण. बाबांचा घास हातातच राहिला.

ते बोलले, मशीनच्या आवाजात हाक ऐकू जायची नाही, म्हणून टोप तयार झाला की मालन असं वाजवायची. मग मी रिकाम्या थाळीवर वाजवून सांगायचो, पानं लागली, आण. इथे तर कोणीच उत्तर देत नाहीये.

मी बोलले, मग तुम्ही द्या ना. ते बोलले, वेडी आहेस का, एवढे लोक बसलेत.

परत टण टण, टण. मला काय झालं माहीत नाही, मी चमचा उचलला आणि थाळीवर कसंतरी वाजवलं. बाजूचं टेबल वळून बघायला लागलं. माझे कान गरम झाले.

"अगं, तसं नाही," बाबा बोलले, आणि माझ्या हातातून चमचा घेऊन बरोबर वाजवलं. एक लांब, तीन भरभर.

कट्ट्यामागून एक बाई ॲप्रनला हात पुसत बाहेर आली. टीव्हीपेक्षा बुटकी आहे. एकेक टेबल बघत आली आणि आमच्यासमोर थांबली.

"दत्ता? किती पानं लागलीत?"

बाबा उभे राहिले. "दोनच."

मग तिने त्यांना धपाटाच घातला पाठीत, कुठे होतास रे एवढी वर्षं. बाबांनी लगेच आमटीचं सांगितलं. ती आत गेली, चाखली, कोकम टाकायला लावलं. मी पहिल्यांदा स्वतःहून अनोळखी माणसाशी बोलले. विचारलं, तुम्हाला आमटी खरंच बाबांनी शिकवली?

"ह्याने? ह्याला कांदा कापायला दिला की रडत बसायचा." बाबा खाली बघायला लागले. मग ती बोलली, "तेव्हा मी कोणाशी बोलायचेच नाही. टोप वाजवायचे फक्त. बाकीचे मान वर करायचे नाहीत. हा रोज उत्तर द्यायचा."

बिल घेतलं नाही तिने. फोटोत बाबांचे डोळे मिटलेत, तरी तोच ठेवलाय.

येताना माणकोली पुलावरून आलो, लवकर पोचतो. खाली खाडी, वारा भरपूर. घरी आईने विचारलं, काय झालं, भेटली का? बाबा चप्पल काढत बोलले, तूच सांग.

मी ओट्याजवळ उभी राहून सगळं सांगितलं, पहिल्यापासून. आई मधे मधे विचारत होती, मी सांगत होते, आणि भात खाली लागला तरी कोणी गॅस बंद केला नाही. मी एवढं बोलू शकते हे मलाच माहीत नव्हतं.

थांबा, हे लिहितानाच खेडवरून मामाचा फोन आला. त्यांच्या म्हशीला जुळं झालंय. दोन्ही रेडकं उभी राहिली. हे पण घरात मीच सांगणार.